श्रींच्या परिसरातील पाठशाळा

(श्रींच्या वर्धापन दिनोत्सवात महाजन कुटुंबांतील गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवसमारंभी एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



ज्या सभामंडपात लहानपणी पालखीच्या रात्री आजीच्या मांडीवर झोपी गेलो, त्याच सभामंडपात चार शब्द बोलण्याचा मान मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. समितीने मला ‘विद्यार्थी आणि यश’ हा विषय सुचविला होता. परंतु सकाळी अभिषेकानंतर एक लहानसा प्रसंग घडला आणि त्यामुळे विषय थोडा बदलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून मागून घेतली.

आज ज्यांचा गौरव व्हावयाचा आहे, अशी चार मुले प्रांगणात उभी होती. जीवशास्त्रात त्यांनी मिळविलेले गुण ऐकून मला शिक्षक या नात्याने संतोष वाटला. सहज विचारले, ‘‘बाळांनो, ज्या झाडाच्या सावलीत तुम्ही उभे आहात ते कोणते?’’ चौघांनी वर पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि ती हसली. हिरव्या पानात अन्न कसे तयार होते, हे त्यांतील एकीने मला न अडखळता सांगितले. पण त्या झाडाचे नाव कोणालाच सांगता आले नाही. ते झाड बकुळीचे होते, ज्याला आपल्या घरांतून ओंवळ म्हणतात. त्याच्या फुलांचे सर श्रींच्या गळ्यात पडतात, आपल्या आज्या-पणज्यांनी ती फुले पहाटे वेचली आणि त्यांचा वास सुकल्यानंतरही जात नाही.

मी मुलांना दोष देत नाही. दोष कोणाचा, हे सांगावयाचे तर मला प्रथम स्वतःची एक चूक या मंडपात कबूल केली पाहिजे.

शिक्षकी पेशात माझे पहिलेच वर्ष होते. नुकताच पदवी घेऊन आलो होतो आणि पदवीचा ताठा अंगात होता. सहामाही परीक्षेत मी प्रश्न घातला होता, ‘एका वेलीचे उदाहरण देऊन तिच्या फुलाचे वर्णन करा.’ मला अपेक्षित होते पुस्तकातल्या वाटाण्याच्या वेलीचे वर्णन. वर्गात एक मुलगा होता. त्याचा बाप कुळागरात शिंपणे करी आणि आजी चवथीच्या आधी बाजारात माटोळीचे सामान घेऊन बसे. त्याने कवंडळाविषयी लिहिले. फूल पांढरे, त्याच्या कडेला झालर, ते रात्री उमलते आणि उन्हे आली की मिटते. पुढे त्याने लिहिले होते की, एका वेलीला फळ धरते आणि दुसरीला नुसती फुलेच येतात. पण ती दुसरी वेल तोडू नये, कारण ती तोडली तर पहिलीलाही फळ धरत नाही.

मी त्या उत्तराला शून्य गुण दिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण शेवटचे वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविले, ‘‘फळ न देणारी वेल जपावयाची, हे नवे शास्त्र ऐका!’’ वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून बसून राहिला. ते वर्ष संपल्यावर त्याने शाळा सोडली. घरची गरिबी होती, शाळा सोडण्यास इतरही कारणे होती, असे मी माझ्या मनाला पुष्कळ वर्षे समजावीत आलो.

पुढे पाच-सहा वर्षांनी एका वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात त्या वेलीचे वर्णन माझ्या वाचनात आले. या वनस्पतीत नरफुले एका वेलीवर आणि मादीफुले दुसऱ्या वेलीवर असतात. फुले रात्री उमलतात, कारण त्यांच्याकडे येणारे पतंग निशाचर असतात. त्यांच्याकरवी नरवेलीवरील पराग मादीवेलीवर पोचला तरच फळ धरते. मुलाने लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे होते. शास्त्र त्याला ठाऊक होते आणि पदवी मजजवळ होती.

त्या श्रावणात मी विजेरी घेऊन रात्री रानाच्या कडेला गेलो आणि ती झालरीची फुले प्रथमच डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे घर शोधीत गेलो. तो आता बापाच्या जागी कुळागरात काम करीत होता. मी सारे सांगितले, क्षमा मागितली. पाटाचे पाणी वळवता वळवता तो एवढेच म्हणाला, ‘‘ताका आतां खूब वर्सां जालीं, सर.’’ आणि मग खोरे बाजूला ठेवून तो मला मादीवेल दाखवावयास घेऊन गेला.

मित्रहो, वनस्पती व प्राणी यांचे माझे खरे शिक्षण त्या दिवसापासून सुरू झाले.

आपल्याकडे असे शिक्षण देणारी एक परंपरा होती आणि आजही ती अगदीच नाहीशी झालेली नाही. माटोळीचेच उदाहरण घ्या. गणरायाच्या मस्तकावर टांगलेली ती लाकडी चौकट म्हणजे भाद्रपदातल्या गोव्याच्या रानाचा आणि परसाचा एक पटच असतो. नारळ, पोफळाचा घोस, चिबूड, तोरिंजन, आंबाडे ही परसातली फळे. कांगण्या, कवंडळ, घागऱ्या, मारटाची फळे ही रानातली. यांतली काही वस्तू खाण्याची, काही औषधाची, काही केवळ शोभेची आणि काही चक्क विषारी. ती आणावयास वडीलधाऱ्यांबरोबर रानात जाणाऱ्या मुलाला कोणती वेल कोठे चढते, कोणते फळ केव्हा पिकते, कशाला हात लावू नये, हे आपसूक समजत असे. कळलावीचे ज्वालेसारखे फूल पाहून मूल पुढे धावले की आजीचा आवाज येई, ‘‘बघ, पण कंद उकरू नकोस.’’ त्या कंदात कोल्चिसिन नावाचे तीव्र विष असते, हे रसायनशास्त्र सांगते. आजीला विषाचे नाव ठाऊक नव्हते, पण विष ठाऊक होते.

तीच गोष्ट पत्रींची. माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुकांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती आणि मालती अशा एकवीस पत्रींची नावे पूजेत घेतली जातात. विद्यार्थी मित्रांनो, ही यादी नुसती पाठ करू नका, तिची परीक्षा घ्या. यांतल्या किती वनस्पती आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत? त्यांत झाड किती, झुडूप किती, वेल किती, तण किती? देवदार हा तर हिमालयातला वृक्ष. मग आपल्या घरी देवदार म्हणून कोणते पान वाहिले जाते? भटजींना विचारा, वडिलांना विचारा. प्रश्न विचारण्याने पूजेत न्यून येत नाही, उलट वाहिलेल्या पानाकडे आपण प्रथमच नीट पाहतो.

याच भूमीत चार शतकांपूर्वी असे प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे छापली गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. गार्सिया द ऑर्टा नावाचा एक पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. १५६३ साली त्याचा भारतातील औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध झाला. ग्रंथाची रचना मोठी मनोरम आहे. रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य युरोपातून नव्याने आला आहे आणि तो ऑर्टाला एकामागून एक प्रश्न विचारतो आहे, हे काय, ते काय, याचा उपयोग काय? म्हणजे एका विद्यार्थ्याने वनस्पतींची ओळख कशी करून घेतली, याचीच ती कथा आहे. ऑर्टाच्या घरी अँटोनिया नावाची दासी आहे. करमलाचा विषय निघतो तेव्हा झाडावरची फळे काढून आणून दाखवावयाचे काम तिच्याकडे येते. पंडित चर्चा करतात, पण झाडाजवळ जाते ती दासी.

त्या ग्रंथात आपल्या बोलीतले शब्द पोर्तुगीज वेषात भेटतात तेव्हा गंमत वाटते. पटकीच्या रोगाला येथील लोक काय म्हणतात, हे सांगताना ऑर्टाने नोंदविलेला शब्द आपला ‘मोडशी’ हाच होय. पुढे फ्रेंचांच्या तोंडी जाता जाता त्याचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाच्या शब्दांत रूपांतर झाले. परसातल्या करमलाला जगभर ‘कॅरांबोला’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळही कोशकार आपल्या ‘करंबळा’त सांगतात. पारिजातकाविषयी ऑर्टाने सूर्यावर प्रेम करणाऱ्या राजकन्येची कथा सांगितली आणि त्याला ‘दुःखी वृक्ष’ म्हटले. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा पारिजातकाच्या नावात तो ‘दुःखी वृक्ष’ तसाच राहिला. आजही त्याचे नाव ‘निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस’ असेच आहे.

ऑर्टा १५६८ साली वारला. तो मूळचा ज्यू वंशातला. १५६० साली गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनने त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, त्याची हाडे उकरून जाळली. ज्या छळाने त्याची हाडे जाळली, त्याच छळाच्या काळात आपल्या पूर्वजांनी आपली दैवते अघनाशिनी ओलांडून, त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रूज महालात आणली. आणि आपलीच काही कुटुंबे आणखी दक्षिणेस, कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत गेली.

कोचीस गेलेल्या या कोकणी मंडळींनी तेथे काय केले, ते महाजनांनी अभिमानाने ऐकावे असे आहे. हेंड्रिक व्हान र्‍हेडे हा मलबारचा डच गव्हर्नर होता. त्याने त्या प्रदेशातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करण्याचे मनावर घेतले. ‘होर्तुस मालाबारिकुस’ या नावाचा तो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथून बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णने व मोठी सुरेख चित्रे आहेत. या कामी त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य होते. आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ हे काम केले, अशा आशयाचे १६७५ सालचे त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत, छापलेले आहे. चित्रांवर वनस्पतींची नावे अन्य लिप्यांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. परागंदा होऊन गेलेल्या माणसांनी आपले घरदार मागे टाकले, पण झाडापानांचे ज्ञान बरोबर नेले.

तथापि या ग्रंथाचा खरा आधारस्तंभ इट्टी अच्युतन हा वैद्य होता. तो ईळव समाजातला. त्या काळच्या समाजरचनेत या समाजाला उच्च स्थान नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या झाडपाल्याचे औषध देणारे त्याचे घराणे होते आणि वनस्पतींची नावे व गुण मुख्यतः त्याने सांगितले. र्‍हेडेने त्याचेही प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या लिपीत छापले. ब्राह्मण वैद्य आणि अच्युतन यांची नावे एकाच ग्रंथाच्या आरंभी आली. पुढे लिनियसने, जो भारतात कधीही आला नाही, याच ग्रंथातून पुष्कळ नावे घेतली. सकाळी मुलांना जे नाव सांगता आले नाही, त्या बकुळीचे शास्त्रीय नाव ‘मिम्युसॉप्स एलेंगी’ आहे. त्यातील ‘एलेंगी’ हा मलबारातला देशी शब्द होय. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घालून या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, ते केरळ विद्यापीठाने २००३ साली प्रसिद्ध केले.

हा इतिहास मी विस्ताराने सांगितला, तो केवळ अभिमानासाठी नव्हे. सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची बुद्धी त्या परक्या गव्हर्नरला झाली. मी मात्र माझ्याच गावच्या मुलाला शून्य गुण दिले. या दोहोंतले अंतर आपण लक्षात घ्यावे.

आता या देवळाभोवती जिवंत धडे कोणते आहेत, त्यांतले दोन-तीन पाहू.

देवळामागे, तळीच्या काठावर उंबराचे झाड आहे. पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, ‘‘तुम्ही म्हणजे उंबराचे फूल झालात!’’ उंबराला फूल दिसत नाही, म्हणून हा वाक्प्रचार. परंतु उंबराला फुले येतात, शेकडो येतात. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोकळीत ती आतून दाटीने बसलेली असतात. कोवळे उंबर चाकूने उभे कापा आणि भिंगातून पाहा. शेंड्याला एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून डासाहून लहान अशी एक गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख गळून पडतात. ती काही फुलांत अंडी घालते, बरोबर आणलेल्या परागाने इतर फुलांचे परागण करते आणि आतच मरते. तिच्या पिल्लांतील नर बिनपंखी असतात. ते बाहेर पडण्याची वाट कोरून देतात आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. उंबर नसेल तर ती माशी नाही, ती माशी नसेल तर उंबराला बी नाही. वड, पिंपळ यांचेही असेच आहे, प्रत्येकाची माशी निराळी. औदुंबराला आपण प्रदक्षिणा घालतो, त्याच्या आत असा संसार चाललेला असतो. उंबराचे फूल पाहावयास भाग्य लागत नाही, एक चाकू आणि थोडा धीर लागतो.

दुसरा धडा सातेरीचा. आपल्या कित्येक गावांत सातेरी देवी रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या, रूपात पूजिली जाते. भूमीचेच ते रूप. हे वारूळ मुंग्यांचे नव्हे, वाळवीचे असते. मनुष्याने शेती करण्यापूर्वी किती तरी युगे वाळवी शेती करीत होती, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. सुकी पाने व लाकूड चावून ती वारुळाच्या आत मळा रचते आणि त्यावर एका विशिष्ट बुरशीची लागवड करते. पावसाळा लागला की त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीबाहेर येतात. त्याच आपल्या रोयणीच्या अळम्या. त्यांची किंमत बाजारात ऐकून आपण तोंडात बोट घालतो, पण त्यांची लागवड मनुष्याला अजून सहजासहजी साधलेली नाही, कारण ती विद्या वाळवीपाशी आहे. वारूळ फोडले, मुळासकट अळम्या उपटल्या, की पुढच्या वर्षीची आशा संपली. ‘देवीचे वारूळ फोडू नये’ या वडिलांच्या सांगण्याची सांगड येथे शास्त्राशी आपोआप बसते. शास्त्र शिकल्याने श्रद्धा उणावते असे काहींना भय वाटते. माझा अनुभव उलट आहे. वारुळात काय चालते हे कळल्यापासून माझे हात अधिक आदराने जुळतात.

तिसरा धडा देण्यास मला जड जाते, तरी देतो. धनेश पक्ष्याच्या चार जाती गोव्यात आढळतात. ऐन विणीच्या दिवसांत मादी एखाद्या जुन्या, थोर झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच मावेल एवढी फट तेवढी राहते. नर दिवसभर वडा-उंबराची फळे आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. नर मेला तर आतल्या जिवांची धडगत नसते. फळांच्या बिया हे पक्षी रानभर टाकतात, त्यामुळे जंगलाचे हे माळीच होत. पण त्यांना ढोली लागते, ढोलीला म्हातारे झाड लागते, आणि म्हातारी झाडे आता उरली आहेत ती बहुतांशी अभयारण्यांत, देवरायांत आणि देवळांभोवती.

काही वर्षांपूर्वी मी एका देवस्थानात दर्शनास गेलो होतो. स्थान येथले नव्हे आणि नाव घेणार नाही. वाहने लावण्यासाठी जागा हवी म्हणून मागच्या बाजूचे एक जुने झाड पाडले होते. झाड आत पोकळ आहे, केव्हा तरी कोणाच्या अंगावर पडेल, अशी चर्चा होऊन निर्णय झाला होता. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आडव्या पडलेल्या खोडाजवळ मी गेलो. ढोलीचे तोंड लिंपलेले होते. आत काय होते ते मी या मंगल प्रसंगी मुलांसमोर सांगत नाही. प्रांगणाची झाडलोट करणारी बाई जवळ उभी होती. ती हळूच म्हणाली की, तो पक्षी रोज तोंडात फळे घेऊन येताना तिने महिनाभर पाहिला होता. मी विचारले, ‘‘मग सांगितले का नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘म्हाका कोणें विचारलें?’’

बंधुभगिनींनो, ‘मला कोणी विचारले?’ हा प्रश्न मी येथे आपल्यापुढे ठेवावयास आलो आहे. देवस्थानचा कारभार आपण पाहतो. दप्तरे, हिशेब, मानपान, उत्सवांचे क्रम, कोणत्या घराण्याची कोणती सेवा, हे सारे आपण कटाक्षाने लिहून ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. पण फुले देणारा, पाट वळविणारा, झाडलोट करणारी, माटोळीचे सामान आणणारी, यांना या भूमीविषयी जे ठाऊक आहे, त्याची एकही ओळ आपल्या दप्तरात नाही. ज्या मुलाची मी गोष्ट सांगितली त्याची आजी माटोळीचे साठ-सत्तर जिन्नस नावानिशी ओळखी. ती गेली तेव्हा गावाने हळहळ व्यक्त केली, पण तिच्याबरोबर किती नावे गेली हे मोजण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. आज त्याच जिन्नसांसाठी चवथीच्या आधी रानाची ओरबाड होते. फळाबरोबर वेल उपटून आणली जाते, कारण विकत घेणाऱ्याला ती वेल पुढल्या वर्षी पुन्हा लागणार आहे हे ठाऊक नसते, आणि विकणाऱ्याला पुढल्या वर्षाचा विचार परवडत नाही.

म्हणून माझी समितीस एक नम्र सूचना आहे. श्रींच्या परिसरातील सजीवांची एक वही करावी. ती विद्यार्थ्यांनी लिहावी, दर वर्षी वर्धापनदिनी श्रींच्या पुढ्यात ठेवावी आणि मग दप्तरात जमा करावी. या कल्पनेत नवे असे काही नाही. माधव गाडगीळ आणि वर्तक या दोघा संशोधकांनी पश्चिम घाटातील देवरायांवरील आपला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा देवाच्या नावाने राखलेल्या रानांचे मोल विद्वानांच्या ध्यानी आले. सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या राईत रानजायफळांचे पाणथळ वन देवाच्या नावामुळेच टिकून आहे. त्या झाडांची मुळे गुडघ्यासारखी चिखलातून वर येऊन श्वास घेतात. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने गावोगावी अशा नोंदवह्या करण्याची तरतूदही केली. आपण आपल्या प्रांगणापुरते आपले काम करावे.

वहीत काय लिहावे? पहिल्या रकान्यात बोलीतले नाव, जसे ऐकले तसे. दुसऱ्यात ते कोठे व कोणत्या महिन्यात दिसले. तिसऱ्यात स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले, फूल केव्हा उमलते, कोण येऊन बसते, फळ कोण खाते. शास्त्रीय नाव चौथ्या रकान्यात, ते मागाहून शिक्षकांना विचारून लिहिले तरी चालेल. आणि पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा, ‘हे कोणी सांगितले’. तेथे सांगणाऱ्याचे पूर्ण नाव लिहावे, मग तो महाजन असो की सेवेकरी. हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले की झाडाचे नाव क्षणात कळते असे मुले मला सांगतात. ती सोय अवश्य वापरावी. पण फळ न देणारी वेल का तोडू नये, हे त्या यंत्राला विचारण्याचे तुम्हांला सुचणार नाही. ते तुम्हांला ती वेल जपणारा माणूसच सांगेल.

वही लिहिताना तीन पथ्ये पाळावी. ओळख पटल्याखेरीज काहीही तोंडात घालू नये. बिळात, ढोलीत, पाचोळ्यात हात घालू नये. आणि पाहण्यासाठी म्हणून काही उपटू नये, पाहावयाचे असेल तर पुन्हा पुन्हा जावे. एकाच झाडाकडे वर्षभर दर आठवड्याला गेलेला विद्यार्थी शंभर झाडांची नावे पाठ केलेल्यापेक्षा अधिक शिकतो. सुरंगीचे झाड फाल्गुन-चैत्रात पाहा, तिच्या कळ्या पानांच्या मागे जुन्या फांदीला चिकटून कशा येतात ते पाहा. मग वर्षभर त्याच फांदीवर काय चालते ते पाहा. एवढे केलेत तरी पुरे.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुंबई-पुण्याहून, बेळगावहून, परदेशाहून आपली मुले-नातवंडे चवथीला आणि जत्रेला येतात. त्यांना आपण नैवेद्य दाखवितो, कुळाचार दाखवितो. या वर्षी एक सकाळ त्यांना माटोळीचे सामान आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवावे. सामान विकत आणलेले असले तरी प्रत्येक जिनसाचे नाव त्यांच्याकडून वदवून घ्यावे. नाव घेतलेली वस्तू मनुष्य सहसा पायदळी तुडवीत नाही.

शेवटी, ज्या मुलाची मी गोष्ट सांगितली तो आज आपल्यात आहे. आता त्याचे केस पिकले आहेत. आपल्या देवळाची माटोळी गेली कित्येक वर्षे तोच बांधतो आणि आता तो तेथे मागे, खांबाला टेकून उभा आहे. नाव घेतलेले त्याला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. समितीने ही सूचना मान्य केली, तर त्या वहीचे पहिले पान त्याच्या सांगण्यावरून लिहिले जावे आणि पाचव्या रकान्यातले पहिले नाव त्याचे असावे, एवढी माझी इच्छा आहे. कवंडळावरील ते उत्तर मी तेव्हा शून्यावर काढले. त्याचे गुण देण्याचा दुसरा मार्ग मला आता उरलेला नाही.

गौरव झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. समारंभ आटोपल्यावर घरी जाण्यापूर्वी त्या ओंवळीखाली क्षणभर थांबा, खाली पडलेले एक फूल उचला आणि त्याचा वास घ्या. उद्यापासूनचा अभ्यास तेथूनच सुरू करा.